मक्षिकास्थाने मक्षिका

पोथीची नक्कल करणाऱ्या लेखनिकाची गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते. मूळ पोथीच्या पानावर एक माशी चिरडून चिकटली होती. लेखनिक नक्कल करता करता त्या जागी आला, थांबला, त्याने एक माशी पकडली आणि आपल्या पानावर नेमकी त्याच ठिकाणी चिकटवली. मक्षिकास्थाने मक्षिका! डोकं न वापरता नक्कल करणाऱ्याला आपण हे ऐकवतो, आणि वर 'नक्कल करायलाही अक्कल लागते' असंही सुनावतो.

मला मात्र हल्ली या लेखनिकाबद्दल आदर वाटायला लागला आहे. त्याचं कारण एक्सएमएल. घाबरू नका, हा लेख प्रोग्रॅमिंगचा धडा नाही. नातेवाइकांपैकी ज्यांना 'हा नक्की काय काम करतो' हा प्रश्न पडतो, त्यांनीही वाचावा असा प्रयत्न केला आहे. संगणकाला 'आहे तसं राहू दे' हे सांगण्यासाठी काय करावं लागलं, त्याचा हा छोटासा इतिहास.

आधी एक्सएमएल म्हणजे काय ते पाहू. मजकुरातल्या प्रत्येक भागाला तो काय आहे याची चिठ्ठी लावायची, एवढीच मूळ कल्पना. या चिठ्ठ्यांना टॅग म्हणतात, आणि गंमत म्हणजे ते मराठीतही लिहिता येतात. एक्सएमएल पहिल्यापासून युनिकोडवर उभं असल्यामुळे खालचं पत्र अगदी नियमाला धरून आहे.

<पत्र तारीख="१२-६-१९५८" ठिकाण="मिरज">
<!-- उजवा कोपरा पाण्याने भिजलेला -->
<मायना>चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद</मायना>
<मजकूर>इकडील सर्व क्षेम. उद्यां <गाव>बेळगांवीं</गाव> जाणार आहे.</मजकूर>
</पत्र>

यात तारीख आणि ठिकाण ही पत्राची विशेषणं. त्यांना ॲट्रिब्यूट म्हणतात. उद्गारचिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे शेरा, पत्र टाइप करणाऱ्याने समासात केलेली नोंद. बाकी मजकूर. पेटीत पेटी ठेवावी तशी ही सगळी रचना असते.

ही कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी या तिघांनी जीएमएल नावाची खुणांची भाषा तयार केली. त्या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं घेतली की तेच नाव होतं, हा योगायोग नव्हे! त्यातून पुढे १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि त्याचा काटछाट केलेला, सुटसुटीत अवतार म्हणजे १० फेब्रुवारी १९९८ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने प्रसिद्ध केलेलं एक्सएमएल १.०.

पण चिठ्ठ्या लावल्या की काम संपत नाही. चिठ्ठ्या लावलेला मजकूर शेवटी कागदावर किंवा पडद्यावर माणसाला दिसेल असा मांडावा लागतो. मायना डावीकडे, तारीख उजवीकडे, गावांची नावं तिरप्या अक्षरांत वगैरे. यासाठी एसजीएमएलच्या जगात १९९६ मध्ये डीएसएसएसएल नावाचं मानक आलं. त्याचे दोन मुख्य भाग होते. एक मांडणीचा, आणि दुसरा एका रचनेतून दुसऱ्या रचनेत रूपांतर करण्याचा. जेम्स क्लार्क नावाच्या इंग्रज प्रोग्रॅमरने त्यासाठी 'जेड' हा प्रोग्रॅम लिहिला. हे नाव लक्षात ठेवा. 'एक्सएमएल' हे नाव सुचवलं तेही याच माणसाने.

ऑगस्ट १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इन्सो आणि आर्बरटेक्स्ट या कंपन्यांनी एक्सएमएलसाठी एक्सएसएल नावाच्या मांडणीच्या भाषेचा प्रस्ताव डब्ल्यूथ्रीसीकडे दिला. सुरुवातीला ती एकच भाषा होती. आधी दस्तऐवजाचं रूप बदलायचं आणि मग त्याची पानं मांडायची, असं दोन्ही काम तिच्याकडे. १९९९ मध्ये रूपांतराचा भाग वेगळा काढून त्याला एक्सएसएलटी असं नाव दिलं गेलं, आणि १६ नोव्हेंबर १९९९ रोजी एक्सएसएलटी १.० जाहीर झालं. संपादक जेम्स क्लार्क. पानं मांडण्याचा भाग मागे पडला तो थेट २००१ मध्ये पूर्ण झाला. धाकट्या भावाचं लग्न आधी व्हावं तसं झालं. :)

हा वंशवृक्ष सांगण्याचं कारण आता येतं.

एक्सएसएलटीमध्ये आपण नियम लिहितो. अमुक प्रकारचा टॅग दिसला की तमुक कर. अशा नियमाला टेम्प्लेट म्हणतात. आता समजा तुम्ही एकही नियम लिहिला नाही. कोरी नियमावली संगणकाला दिली आणि वरचं पत्र त्यातून काढलं. काय बाहेर येईल? साध्या माणसाचा अंदाज असा की काहीच सांगितलं नाही, म्हणजे पत्र जसंच्या तसं बाहेर येईल. प्रत्यक्षात बाहेर येतं ते हे:

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद
इकडील सर्व क्षेम. उद्यां बेळगांवीं जाणार आहे.

तारीख गेली. मिरज गेलं. भिजलेल्या कोपऱ्याचा शेरा गेला. बेळगांव हे गाव आहे ही खूणही गेली. राहिला तो नुसता मजकूर. कारण कोणताही नियम नसला तर काय करायचं हे मानकातच ठरवून दिलेलं आहे. टॅग दिसला तर तो टाकून दे आणि त्याच्या पोटात शीर. मजकूर दिसला तर तो उतरवून घे. शेरा दिसला तर सोडून दे. ॲट्रिब्यूट तर टॅगच्या पोटातली अपत्यं मानलीच जात नाहीत, त्यामुळे मुद्दाम हाक मारल्याशिवाय ती समोर येतच नाहीत.

हे असं विचित्र का? माझ्या मते उत्तर घराण्यात आहे. ज्या भाषेचा जन्म छपाईच्या पोटी झाला, तिच्या दृष्टीने टॅग म्हणजे कारागिराला केलेल्या खुणा. शिंप्याने कापडावर खडूने रेघा मारलेल्या असतात, पण शिवलेला सदरा घालताना त्या कुणाला दिसायला नकोत. वाचकाला हवा मजकूर. तेव्हा ज्याबद्दल काही सांगितलेलं नाही, त्याचा मजकूर तरी वाचकापर्यंत जावा, हे छापखान्याच्या दृष्टीने अगदी शहाणपणाचं होतं.

पण लोकांनी या भाषेचा उपयोग नुसता मांडणीसाठी केला नाही. एका एक्सएमएलमधून दुसरं, जवळजवळ तसंच एक्सएमएल काढायचं, हे काम रोजचं झालं. हजार पानांच्या दस्तऐवजात एका टॅगचं नाव बदलायचं आहे. एक जुनी नोंद काढून टाकायची आहे. बाकी सगळं तसंच राहायला हवं. अशा कामात खडूच्या रेघा हाच खरा ऐवज असतो.

एक्सएसएलटी १.० च्या मानकात, नक्कल करण्याबद्दलच्या भागात, जेम्स क्लार्कने एक छोटं उदाहरण दिलं आहे. त्याला तिथे आयडेंटिटी ट्रान्सफॉर्मेशन म्हटलं आहे. शाळेच्या गणितात आपण 'अविकारक' हा शब्द शिकलो होतो. बेरजेत शून्य आणि गुणाकारात एक. मिळवा किंवा गुणा, संख्या बदलत नाही. तसंच हे अविकारक रूपांतर. दस्तऐवज आत घाला, तोच बाहेर येतो. लिहायला जेमतेम पाच ओळी. मराठीत त्या अशा सांगता येतील:

कोणतीही गोष्ट समोर येवो, टॅग, ॲट्रिब्यूट, मजकूर किंवा शेरा, तिचं फक्त वरचं कवच उतरवून घे. मग तिची ॲट्रिब्यूटं आणि तिच्या पोटातली अपत्यं एकेक करून घे, आणि प्रत्येकाला हाच नियम लाव.

बस्स. पत्राचं कवच उतरवलं, मग तारीख, मग ठिकाण, मग शेरा, मग मायन्याचं कवच, त्याच्या पोटातला मजकूर, असं करत करत लेखनिक शेवटच्या टिंबापर्यंत जातो. मजकुराच्या पोटात काही नसतं, तिथे तो आपोआप थांबतो आणि मागे फिरतो. माशी दिसली तर माशी!

आता चाणाक्ष वाचक विचारेल की जसंच्या तसंच हवं असेल तर फाइल कॉपी-पेस्ट का करू नये? एक्सएसएलटीमध्येही अख्खा भाग एका झटक्यात उतरवून घेणारी दुसरी सूचना आहेच. फरक झेरॉक्स आणि हाताने केलेली नक्कल यांच्यातला आहे. झेरॉक्स मशीन पानाकडे पाहतं, पानावरच्या शब्दांकडे नाही. त्याला मध्येच 'इथे थांब' म्हणता येत नाही. हाताने नक्कल करणारा मात्र प्रत्येक शब्दापाशी क्षणभर थांबतो. आणि जो प्रत्येक ठिकाणी थांबतो, त्याला एखाद्या ठिकाणी वेगळं काही करायला सांगता येतं.

सगळी ताकद इथे आहे. अविकारक नियमाच्या शेजारी आपण दुसरा, नेमका नियम लिहितो. 'गाव' हा टॅग दिसला तर असं कर. एकाच गोष्टीला दोन नियम लागू पडले तर कोणता चालवायचा, हे मानकात आकड्यांनी ठरवलं आहे. 'कोणतीही गोष्ट' या ढोबळ नियमाचं वजन उणे ०.५, आणि नाव घेऊन सांगितलेल्या टॅगच्या नियमाचं ०. जास्त वजनाचा नियम जिंकतो. संस्कृत व्याकरण शिकलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. उत्सर्ग म्हणजे सर्वसाधारण नियम, आणि अपवाद त्याला बाजूला सारतो. टॅग काढून टाकायचा तर त्याच्या नावाने एक रिकामा नियम लिहायचा. लेखनिक तिथे येतो, काहीच करत नाही, पुढे जातो. बाकी पोथी शाबूत.

म्हणजे नियमावलीत अपवाद तेवढेच लिहायचे. काय बदललं याची ती यादीच होते.

हे मी एवढं तपशिलाने लिहितो आहे, कारण आमच्या घरात सध्या याच प्रश्नावर वाद चालू आहे. आजोबांची पत्रं टाइप करून ठेवण्याचं काम आम्ही भावंडं करतो आहोत. वरचा नमुना त्याच धर्तीवर रचलेला आहे. ही पत्रं जुन्या वळणाची. उद्यां, घरीं, पाहिलें, नांव, गांव. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले, आणि न उच्चारले जाणारे हे अनुस्वार गेले. धाकट्या मंडळींचं म्हणणं, आजच्या मुलांना वाचता यावं म्हणून सगळं नव्या पद्धतीने लिहून टाकू. आत्याचं म्हणणं, 'दादांच्या हातचा एक ठिपकासुद्धा हलवायचा नाही.' दोन्ही बाजूंचं मला पटतं.

यातली एक वाट भलतीच सोपी दिसते. शोधा आणि बदला. अनुस्वार शोधा, काढून टाका. की झालंच! 'गांव'चं 'गाव' होईल, आणि त्याच फटक्यात 'नांदेड'चं 'नादेड' आणि 'आनंद'चा 'आनद' होईल. शिवाय शेऱ्यांत, तारखांत, ठिकाणांतही तो सुरा फिरेल. दोन वर्षांनी कुणी विचारलं की आजोबांनी नक्की काय लिहिलं होतं, तर सांगता येणार नाही, कारण बदल कुठे कुठे झाला याची नोंद कुठेच राहिलेली नसेल.

दुसरी वाट लेखनिकाची. मूळ फाइलला हात लावायचा नाही. अविकारक नियम पाया म्हणून ठेवायचा, आणि त्यावर एकच अपवाद. फक्त मजकुरात, आणि तोही आम्ही सगळ्यांनी मिळून केलेल्या यादीतला शब्द असेल तरच, नवं रूप लिही. 'उद्यां' यादीत आहे, 'आनंद' नाही. अशी वाचनाची प्रत कितीही वेळा नव्याने काढता येते, आणि आत्याची प्रत जागच्या जागी राहते. एखाद्या शब्दाबद्दल वाद झाला तर यादी उघडायची आणि त्या शब्दावर भांडायचं, अख्ख्या पत्रांवर नाही.

मराठी लोकांनी अशा तऱ्हेचं काम मोठ्या प्रमाणावर केलेलं आहे. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक फाँटची स्वतःची बाराखडी असायची, आणि तो फाँट नसला की पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची. तो मजकूर युनिकोडमध्ये आणताना परिच्छेद, मथळे, तक्ते तसेच ठेवून फक्त अक्षरं बदलायची असतात. म्हणजे अविकारक नियम, आणि फक्त मजकुरासाठी एक अपवाद. त्यातली मेख आपल्या पहिल्या वेलांटीत असे. त्या फाँटांत ती व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. एक्सएसएलटी १.० मध्ये एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर एवढीच अदलाबदल सहज जमायची. नमुना ओळखून क्रम बदलण्याची सोय भाषेतच आली ती २.० मध्ये, जानेवारी २००७ ला. तिचे संपादक मायकेल के.

याच मायकेल के यांच्या संपादनाखाली जून २०१७ मध्ये एक्सएसएलटी ३.० आलं, आणि पाच ओळींचा तो नियम भाषेतच सामावला गेला. कुठलाच नियम लागू पडला नाही तर काय करायचं, हे आता एका ओळीत जाहीर करता येतं. पर्याय सहा आहेत. फक्त मजकूर उतरवा, कवच उतरवून आत जा, अख्खंच्या अख्खं उतरवा, कवच सोडून आत जा, अख्खं सोडून द्या, किंवा चूक म्हणून थांबा. आणि तुम्ही काहीच जाहीर केलं नाही तर? तर अजूनही पहिलाच पर्याय, छापखान्याचा. मधल्या अठरा वर्षांत लिहिलेल्या नियमावल्या त्या वागण्यावर विसंबून होत्या, तो मोडता आला नसता. जुनी सवय सुटली नाही, पण निदान तिला नाव मिळालं, आणि ती अनेकांतली एक निवड आहे हे मान्य झालं.

आता थोडं पाणी घालतो या कौतुकात. अविकारक नक्कल खरोखर 'जसंच्या तसं' असते का? नाही. नक्कल सुरू होण्याआधी संगणकाने मूळ फाइल वाचून मनातल्या मनात तिचं एक झाड केलेलं असतं, आणि लेखनिक त्या झाडाची नक्कल करतो, फाइलची नाही. तारीख एकेरी अवतरणात होती की दुहेरी, ती ठिकाणाच्या आधी होती की नंतर, दोन ॲट्रिब्यूटांमध्ये किती मोकळी जागा होती, हे त्या झाडात नसतंच. ओळी कुठल्या पद्धतीने तोडल्या होत्या ते एकसारखं केलं जातं. उलट दस्तऐवजाच्या व्याख्येत एखादं ॲट्रिब्यूट 'न लिहिल्यास असं समजा' म्हणून दिलेलं असेल, तर मुळात न लिहिलेलं ते नकलेत उगवू शकतं. आणि निकाल आस्की या जुन्या पद्धतीत लिहायला सांगितला तर 'क' या अक्षराऐवजी २३२५ या क्रमांकाची खूण उमटते. एक्सएमएलच्या दृष्टीने दोन्ही एकच. पण आत्याला ते पान दाखवलं तर ती चष्मा पुसत बसेल.

'तेच' म्हणजे काय, हे कुणीतरी ठरवावं लागतं. डब्ल्यूथ्रीसीने ते २००१ मध्ये कागदावर आणलं. त्या वर्षी एक्सएमएलच्या दस्तऐवजात नेमकी कोणती माहिती असते याची व्याख्या आली, आणि त्याच वर्षी कॅनॉनिकल एक्सएमएल नावाचं एक ठरीव रूपही आलं, ज्यात ॲट्रिब्यूटं ठरलेल्या क्रमाने आणि दुहेरी अवतरणांत लिहायची. डिजिटल सहीसाठी ते लागतंच. नाहीतर अर्थ तसूभरही न बदलता नुसती एक मोकळी जागा वाढली तरी सही खोटी ठरेल. दोन दस्तऐवज त्या ठरीव रूपात आणून सारखे निघाले की ते एकच समजायचे. त्यात शेरे धरायचे की नाही, हे मात्र वापरणाऱ्यावर सोडलं आहे. म्हणजे भिजलेला कोपरा पत्राचा भाग आहे की नाही, हा निर्णय शेवटी आपलाच.

जाता जाता एक ताजी बातमी. २०२५ मध्ये क्रोम ब्राउझरच्या कर्त्यांनी ब्राउझरमधून एक्सएसएलटी काढून टाकण्याचं जाहीर केलं. वापर कमी आणि जुन्या कोडमुळे सुरक्षेला धोका, ही कारणं. ब्राउझरबाहेर ती भाषा आपलं काम करतेच आहे. पण समजा उद्या तीही गेली, तरी पाच ओळींतला विचार कुठल्याही भाषेत पुन्हा लिहिता येईल. काय बदललं ते लिहून ठेवायचं. बाकीचं तसंच उतरवायचं. आणि 'तसंच' म्हणजे काय ते आधी ठरवायचं.

असो. घरच्या मंडळींना विनंती. ज्यांच्याकडे आजोबांची पत्रं आहेत त्यांनी टाइप करताना अनुस्वार, खाडाखोड, समासातली टिपणं, सगळं जसं दिसतं तसं उतरवा. दुरुस्ती करू नका, अगदी उघड चूक दिसली तरीही. ती यादीत घालू. आणि पानावर एखादी माशी चिकटलेली आढळलीच, तर तसा शेरा लिहायला विसरू नका. :)